मदत हवी आहे: तेलुगू ‘अत्ता’ला मराठीत काय म्हणावं?

‘गुंडम्मा कथा’ (1962) हा तेलुगू चित्रपट आहे. कलाकार एनटीआर (एन. टी. रामाराव), एएनआर (अक्किनेनी नागेश्वरराव), सावित्री, जमुना, एस. व्ही. रंगाराव आणि सासू गुंडम्मा म्हणजे सूर्यकांतम. सोलापूरचे तेलुगू सासरचे आणि माझे आईवडील एकत्र बसून बघणार आहेत, म्हणून घरापुरती मराठी सबटायटल्स करतेय. रोजचं बोलणं मला कळतं, लिपी वाचता येत नाही.

अडलंय नात्यांच्या शब्दांवर. ‘तोडिकोडलु’ म्हणजे जाऊ, ‘आडपडुचु’ म्हणजे नणंद, ‘इल्लरिकं’ म्हणजे घरजावई होऊन राहणं, इथवर ठीक. पण ‘अत्ता’ म्हणजे आत्याही आणि सासूही. मशीनचं भाषांतर सरळ ‘काकू’ करतं! ‘सासूबाई’ घालून पाहिलं, पण जावई तोंडावर हाक मारतो तिथे ते कृत्रिम वाटतं. मराठीत सुना पूर्वी सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणायच्या. ते तेलुगूच्या फार जवळ जातं, पण आईच्या मते प्रेक्षक गुंडम्माला खरोखरची आत्याच समजतील. गुंडम्माची सावत्र मुलगी लक्ष्मी आणि लाडाची सख्खी मुलगी सरोजा यांच्यामुळे नात्यांचा गुंता आधीच पुरेसा आहे.

तळटीप चालणार नाही, दोनच ओळींची जागा आहे. संवाद चित्रपटाच्या काळातले वाटावेत, पण आजच्या माणसाला अडू नयेत.

सोलापूर-नांदेडकडच्या, दोन्ही भाषा घरात असलेल्यांना विचारते: तुमच्याकडे जावई सासूला मराठीत नेमकी काय हाक मारतो? आणि ‘अत्ता’ व आदरार्थी ‘अत्तगारु’ यांतला फरक मराठीत कसा दाखवाल?