गंभीर घटनेनंतरचा ताण-आराखडा : एफआरएला कोणते कागद द्यायचे आणि कर्मचाऱ्याकडून किती लिहून घ्यायचे?

प्रश्न : रूळजोड

नमस्कार. अमेरिकेतील एका उपनगरी प्रवासी रेल्वेच्या सुरक्षा विभागात मी नुकताच रुजू झालो आहे. रुळांवरचा मृत्यू किंवा भीषण अपघात ज्यांना प्रत्यक्ष पाहावा लागतो, अशा कर्मचाऱ्यांसाठी रेल्वेने काय करायचे हे ठरवणारा आराखडा, म्हणजे इथल्या सरकारी भाषेतला ‘क्रिटिकल इन्सिडेंट स्ट्रेस प्लॅन’, त्याची फाइल माझ्याकडे आली आहे. फाइलमध्ये मूळ मंजूर आराखडा आहे, कामगार संघटनांना प्रती पाठवल्याच्या पोचपावत्या आहेत, आणि त्यानंतर जवळजवळ काहीच नाही.

फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन (एफआरए, रेल्वे सुरक्षेवर देखरेख ठेवणारी संघीय संस्था) या विषयावरील माहिती-संकलनाच्या मंजुरीचे नूतनीकरण मागत असल्याची सूचना फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात वाचली आणि कार्यालयात गोंधळ उडाला. एका वरिष्ठांच्या मते आता आराखडा नव्याने सादर करावा लागेल. दुसऱ्यांचे म्हणणे नेमके उलट आहे, की मंजुरीची मुदत कधी संपलीच तर आराखडाच बंधनकारक राहणार नाही. यातले खरे काय? शिवाय प्रत्येक घटनेनंतर या नियमाखाली एफआरएला वेगळा अहवाल पाठवावा लागतो का?

शेवटची शंका मला अधिक बोचते. आमच्याकडे घटनास्थळी भरून घ्यायचा एक अनेक पानी फॉर्म आहे आणि तो पूर्ण झाल्याशिवाय कर्मचाऱ्याला पाळीतून मोकळे करायचे नाही, अशी वहिवाट पडली आहे. नियमाला हेच अपेक्षित आहे का?

उत्तर : नियमवाचक

तुमचे दोन्ही वरिष्ठ चुकीच्या टोकांना आहेत, असे आदरपूर्वक म्हणावे लागेल.

ती सूचना एफआरएच्या स्वतःच्या कर्तव्याचा भाग आहे. १९९५ च्या पेपरवर्क रिडक्शन कायद्यानुसार कोणत्याही संघीय संस्थेला दहा किंवा अधिक व्यक्ती वा संस्थांकडून एकाच स्वरूपाची माहिती मागायची असेल, तर व्हाइट हाउसच्या अखत्यारीतील ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेटची मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. म्हणून ठरावीक काळाने आधी साठ दिवसांची आणि मग तीस दिवसांची सूचना प्रसिद्ध होते. तिच्यात लोकांना विचारलेले असते की ही माहिती खरोखर गरजेची आहे का, ती देण्यास लागणाऱ्या वेळाचा सरकारी अंदाज वास्तवाला धरून आहे का, आणि हा भार कमी कसा करता येईल. त्यातून तुमच्यावर नवी जबाबदारी येत नाही. मात्र आराखडा सुधारणे, संघटनांना प्रती देणे आणि त्यांच्या हरकतींवर विचार करणे यांत तुमच्या विभागाचा जो वेळ जातो, तो सूचनेतल्या अंदाजापेक्षा फारच वेगळा असेल, तर ते लेखी कळवण्याची हीच वेळ असते. अशा सूचनांवर अभिप्राय क्वचितच येतात, त्यामुळे नेमके लिहिलेले एखादे पत्रसुद्धा वाचले जाते, असे माझे मत आहे.

आता मुदत संपण्याचा मुद्दा. अशा मंजुरीचा वैध नियंत्रण क्रमांक नसलेल्या माहिती-मागणीला उत्तर दिले नाही म्हणून कोणाला दंड करता येत नाही, अशी तरतूद त्या कायद्यात आहे, हे खरे. परंतु जे कर्तव्य मूळ कायद्यानेच घातलेले असते त्याला हे संरक्षण पुरत नाही, असे न्यायालयांनी म्हटलेले आहे, आणि आपल्या नियमाचे मूळ २००८ च्या रेल सेफ्टी इम्प्रूव्हमेंट कायद्याच्या कलम ४१० मध्ये आहे. शिवाय ते संरक्षण मिळालेच, तरी ते सरकारला द्यायच्या माहितीपुरते असेल. हादरलेल्या इंजिनचालकाला पाळीतून मोकळे करण्याचे कर्तव्य ही काही माहितीची मागणी नव्हे. त्या युक्तिवादावर कोणी विसंबू नये.

त्या कलमाच्या आधारे एफआरएने २५ मार्च २०१४ रोजी अंतिम नियम प्रसिद्ध केला. तो २३ जून २०१४ पासून लागू झाला आणि संघीय नियमसंहितेच्या ४९ व्या शीर्षकाचा भाग २७२ म्हणून ओळखला जातो. तो पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या मालवाहू रेल्वे, आंतरशहरी प्रवासी रेल्वे आणि तुमच्यासारख्या उपनगरी रेल्वे यांना लागू आहे.

घटनानिहाय अहवालाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. भाग २७२ आराखडा मागतो, प्रत्येक घटनेचा स्वतंत्र अहवाल मागत नाही. ‘गंभीर घटना’ या संज्ञेची व्याख्याच मुळी भाग २२५ वर, म्हणजे अपघात एफआरएला कळवण्याच्या नियमावर, बेतलेली आहे. त्या भागाखाली कळवण्याजोगी, आणि मृत्यू, अवयव गमावणे किंवा तितकीच गंभीर शारीरिक इजा झालेली घटना ही एक जात. दुसरी जात म्हणजे त्याच भागाखाली कळवण्याजोगी अशी भीषण घटना, की जिच्यामुळे प्रत्यक्ष संबंध आलेल्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षित काम करण्याच्या क्षमतेवर परिणाम होईल असे रास्तपणे वाटावे. म्हणजे घटना भाग २२५ च्या वाटेने एफआरएकडे जातेच, आणि त्या अहवालात कर्मचाऱ्याच्या समुपदेशनाबद्दल काही लिहायचे नसते.

फॉर्मबद्दलची तुमची अस्वस्थता योग्य आहे, आणि मला वाटते या सगळ्यात तोच भाग महत्त्वाचा आहे. कलम २७२.१०१ नुसार उरलेल्या पाळीतून वेळेवर मोकळीक देऊ करायची असते, पण ती कर्मचाऱ्याने लोकांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक कृती आणि घटनेची तात्कालिक नोंद पूर्ण केल्यानंतर. नियमानेच मोकळीक आणि माणूस यांच्यामध्ये एक कागद ठेवलेला आहे. तो कागद किती पानांचा असावा हे नियम सांगत नाही, आणि त्याच फटीतून तुमचा फॉर्म वाढत गेला असणार. ‘तात्कालिक’ या शब्दाचा सरळ अर्थ घेतला, तर जे त्या क्षणी नोंदवले नाही तर हरवेल तेवढेच त्यात यावे : वेळ, मैलाचा दगड, गाडीचा वेग, भोंगा आणि घंटा वाजवली होती का, ब्रेक कधी लावले. यांतला वेग, ब्रेक आणि भोंगासुद्धा इंजिनातील इव्हेंट रेकॉर्डरमध्ये सहसा असतातच. भाग २२५ चा मासिक अहवाल ज्या महिन्यात घटना घडली तो संपल्यावर तीस दिवसांच्या आत जायचा असतो. त्यामुळे सविस्तर जबाब त्याच रात्री, त्याच रुळाशेजारी घेण्याची निकड सरकारी मुदतीमुळे निर्माण होत नाही. गंभीर घटना नॅशनल रिस्पॉन्स सेंटर या संघीय केंद्राला फोनवर तातडीने कळवावी लागते हे खरे, पण तो फोन रेल्वेने करायचा असतो, कंडक्टरने नव्हे.

उत्तर : निवृत्त डिस्पॅचर

वरील उत्तर कायद्याच्या बाजूने नेमके आहे. मी नियंत्रण-कक्षाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण आराखडे लिहिणाऱ्यांना तिथली खुर्ची सहसा दिसत नाही.

रेडिओवर ‘इमर्जन्सी’ हा शब्द तीनदा उच्चारला गेला की डिस्पॅचर इतर गाड्या रोखतो, रुग्णवाहिका आणि पोलीस बोलावतो, आणि मग बराच वेळ त्याच इंजिनचालकाचा आवाज ऐकत बसतो. पंचावन्न मैल वेगाने जाणारी लांब मालगाडी थांबायला एक मैल किंवा त्याहून अधिक अंतर घेते. त्यामुळे थांबल्यावर कंडक्टरला गाडीच्या कडेने खडीवरून मागे चालत जाऊन पाहावे लागते, आणि तो काय पाहतो ते डिस्पॅचरला शब्दांतून कळत राहते. नियमातली ‘प्रत्यक्ष संबंध आलेला कर्मचारी’ ही व्याख्या तीन दारांची आहे : ज्याची कृती घटनेशी निकटपणे जोडलेली आहे तो, ज्याने घटना किंवा तिचे तात्काळ परिणाम प्रत्यक्ष हजर राहून पाहिले तो, आणि ज्याच्यावर घटनेत थेट हस्तक्षेप करण्याची वा तिला प्रतिसाद देण्याची जबाबदारी आहे तो. डिस्पॅचर दुसऱ्या दारातून आत येत नाही, कारण तो हजर नसतो. पहिल्या किंवा तिसऱ्या दारातून तो येऊ शकतो, पण ते आराखड्यात स्पष्ट लिहिलेले नसेल तर ऐनवेळी पाळीचा प्रमुख ‘तुम्ही तर खोलीतच होतात’ असे म्हणून मोकळा होतो. डिस्पॅचर आणि सिग्नल कर्मचारी नियमाच्या कक्षेत आहेतच, तसेच रूळ आणि डबे-इंजिने सांभाळणारेही. तेव्हा ही ओळ घालायला अडचण काहीच नाही.

दुसरी गोष्ट पाहुण्या रुळांची. तुमच्या गाड्या दुसऱ्या कंपनीच्या मार्गावरून धावत असतील, तर आपल्या कर्मचाऱ्यांना तिथे हे संरक्षण कसे मिळेल, हे आराखड्यात सांगावेच लागते. बहुतेक ठिकाणी तिथे एक गुळगुळीत वाक्य असते. त्या मार्गावरचा डिस्पॅचर कोणाला फोन करील, बदली चालकदल कोण पाठवील आणि मूळ दलाला होम टर्मिनलपर्यंत (त्यांच्या नेमणुकीच्या मूळ स्थानकापर्यंत) नेणारी गाडी कोणाची असेल, हे नावानिशी नाही तरी हुद्द्यानिशी लिहिलेले हवे.

फॉर्म छोटा करण्याला माझा पाठिंबा आहे, पण एक नोंद वगळू नका : कोणते पर्याय उपलब्ध आहेत हे कर्मचाऱ्याला कोणी, किती वाजता सांगितले. नियम तसा कागद मागत नाही. तरीही नंतर ‘मला कोणी विचारलेच नाही’ आणि ‘आम्ही विचारले होते’ असा वाद उभा राहतो तेव्हा हीच एक ओळ कामास येते. ती भरायची कर्मचाऱ्याने नव्हे, तर विचारणाऱ्या अधिकाऱ्याने.

रूळजोड

दोघांचेही आभार. आमच्या फॉर्मच्या शेवटी ‘मोकळीक देऊ केली, कर्मचाऱ्याने नाकारली’ असा एक चौकोन आहे आणि खाली कर्मचाऱ्याची सही. जुने कागद चाळताना तो चौकोन जवळजवळ नेहमी खूण केलेला दिसला, आणि सहीची वेळ बऱ्याचदा घटनेच्या वेळेच्या फारच जवळची. असा नकार पुढच्या पाळ्यांनाही लागू समजायचा का?

उत्तर : समुपदेशक

रेल्वे कर्मचाऱ्यांसोबत काम करत असल्यामुळे या चौकोनाबद्दल मला ठामपणे लिहावेसे वाटते.

तो नकार त्या क्षणापुरताच समजावा. नियमात उरलेल्या पाळीतून मोकळीक वेगळी आहे, नंतरच्या पाळ्यांतून मागणी केल्यास मिळणारी मोकळीक वेगळी आहे, आणि प्रतिबंधक सेवा किंवा उपचारांसाठीची अतिरिक्त रजा त्याहून वेगळी आहे. या तिन्हींना एकाच सहीखाली आणणे म्हणजे नियमाने जाणीवपूर्वक वेगळ्या ठेवलेल्या गोष्टी एकत्र बांधणे होय. घटनेनंतरच्या पहिल्या तासात माणूस बहुधा यंत्रवत् शांत असतो. तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि त्या वेळी ते त्याला खरेही वाटत असते. झोप उडणे, तेच फाटक पुन्हा आले की हात घट्ट होणे, भोंगा गरजेपेक्षा लवकर आणि लांबवर वाजवणे, हे पुढच्या दिवसांत सुरू होते. निदानाच्या निकषांतही हा काळ गृहीत धरलेला आहे : तीव्र ताणविकाराचे निदान घटनेनंतर तीन दिवसांपासून एका महिन्यापर्यंतच्या लक्षणांवरून होते, आणि पीटीएसडीसाठी (आघातानंतरच्या ताणविकारासाठी) लक्षणे एका महिन्याहून अधिक टिकावी लागतात. तासाभरात घेतलेल्या सहीने या काळाचा निकाल लागू शकत नाही. तो चौकोन ठेवायचाच असेल तर त्याखाली ‘हा नकार फक्त आजच्या पाळीपुरता आहे’ असे छापावे आणि काही दिवसांनी पुन्हा विचारणा करण्याची जबाबदारी एका ठरावीक हुद्द्यावर टाकावी.

निवृत्त डिस्पॅचर यांच्या सूचनेला माझी एक मर्यादा जोडते. पर्याय सांगितल्याची नोंद जरूर ठेवावी, पण कर्मचारी रडत होता, थरथरत होता, काय बोलला, असले तपशील पर्यवेक्षकाच्या कागदावर येऊ नयेत. अतिरिक्त रजेसाठी वैद्यकीय निदानाचा आधार लागतो. त्यासाठी रजा आवश्यक आहे आणि ती साधारण किती काळाची, एवढेच उपचार करणाऱ्याकडून रेल्वेकडे यावे आणि ते वैद्यकीय विभागातच राहावे. आपले बोलणे सुरक्षा विभागाच्या फाइलमध्ये जाते असा संशय एकदा पसरला की समुपदेशनाचा देकार कागदावरच राहतो. उपचार मागितल्याबद्दल किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला पाळल्याबद्दल रेल्वेला शिस्तभंगाची कारवाई करता येत नाही, हे संघीय कायद्याच्या ४९ व्या शीर्षकातील कलम २०१०९ मध्ये आहे. कर्मचाऱ्यांना वाटायच्या पत्रकात ते सोप्या शब्दांत द्यावे.

उत्तर : नियमवाचक

समुपदेशकांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. आता हे बदल कागदावर कसे आणायचे तेवढे सांगतो.

घटनास्थळी वापरायचा फॉर्म हा मंजूर आराखड्याचा भाग म्हणून जोडलेला आहे की विभागाने नंतर तयार केलेला आहे, हे आधी तपासा. तो बाहेरचा असेल, तर तो लहान करण्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज दिसत नाही. डिस्पॅचरचा समावेश किंवा पाहुण्या रुळांवरील व्यवस्था यांसारखे बदल मात्र माझ्या मते आशयाचे आहेत, आणि आराखड्यात महत्त्वाचा बदल केल्यास सुधारित प्रत मंजुरीसाठी एफआरएला द्यावी लागते. समुपदेशन सेवेचा फोन क्रमांक बदलला एवढ्याने तशी वेळ येऊ नये.

मूळ आराखड्याच्या वेळी जी पद्धत होती, तीच सुधारणेलाही धरून चला. सादर करतानाच ज्या संघटना तुमच्या कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधित्व करतात त्यांच्या राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अध्यक्षांना प्रत पाठवायची. त्यांना लेखी अभिप्रायासाठी नव्वद दिवस मिळतात आणि त्या अभिप्रायाची प्रत त्यांनी तुम्हालाही द्यायची असते. सादरीकरण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते. मंजूर प्रत कर्मचाऱ्यांना उपलब्ध असली पाहिजे आणि एफआरएचा निरीक्षक मागेल तेव्हा दाखवता आली पाहिजे. निरीक्षक आला की बहुतेकदा तो आराखडा कुठे आहे हे तुम्हाला विचारणार नाही, तर पाळीवरच्या एखाद्या कंडक्टरला विचारील. म्हणून नवी प्रत निघाली की कपाटातल्या जुन्या प्रती आणि चालकदलाच्या खोलीत लावलेले जुने पत्रक त्याच दिवशी काढून टाका.