श्रावणात भीमाशंकरला पायी : वडिलांसाठी कोणती वाट योग्य?

प्रश्न
माझे वडील सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. तरुणपणी ते दर श्रावणात खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकरला चढून जात असत. यंदा नातवाला सोबत घेऊन पुन्हा एकदा पायीच दर्शनाला जावे, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. शिडी घाट, गणेश घाट आणि भोरगिरीची वाट यांपैकी त्यांना कोणती झेपेल? भीमेचा उगम आणि देवळासमोरची पोर्तुगीज घंटाही त्यांना नातवाला दाखवायची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
शिडी घाटाचा विचार कृपया सोडून द्यावा. तेथील कातळटप्पे शिड्यांच्या आधाराने चढावे लागतात आणि पावसात ते शेवाळाने इतके निसरडे होतात की सरावलेल्या माणसाचाही पाय घसरतो. गणेश घाट लांबचा असला तरी सोपा आहे. मात्र कोकणातून घाटमाथ्यापर्यंतची सगळी चढण त्यातही आहेच. राजगुरुनगरहून वाडामार्गे भोरगिरीला गेलात, तर गाडीनेच बरीच उंची गाठली जाते आणि पुढची वाट भीमेच्या खोऱ्यातून, रानातून, हळूहळू चढत जाते. ओढ्यांना पाणी असते, म्हणून गावातला वाटाड्या अवश्य घ्यावा. परतताना घोडेगाव-मंचरमार्गे एसटीने यावे. श्रावणी सोमवार मात्र टाळावा.

उत्तर २
भोरगिरीच्या वाटेला माझेही अनुमोदन. याच वाटेवर, देवळाच्या अलीकडे, गुप्त भीमाशंकर लागते. ज्योतिर्लिंगापाशी उगम पावलेली भीमा लुप्त होऊन तेथे पुन्हा प्रकटते, अशी श्रद्धा आहे. हीच नदी पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वाहते आणि कर्नाटकात कृष्णेला मिळते, हे नातवाला त्या झऱ्याशी उभे करून सांगावे. नकाशावर दाखवून ते तितके मनात उतरणार नाही.

घंटेविषयी : चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांपैकीच ही एक मानली जाते. वाईजवळ मेणवलीलाही अशीच घंटा आहे. मेणवली नाना फडणवीसांचे गाव आणि भीमाशंकरच्या देवळाचे शिखरही नानांनीच बांधवले. देऊळ खोलगट जागी आहे. गाडीतळाकडून पायऱ्या उतरून येणाऱ्याला ते शिखर आधी वरूनच दिसते. वडिलांच्या गुडघ्यांसाठी त्या पायऱ्या परतताना सावकाश चढाव्यात.

उत्तर ३
एक कळकळीची विनंती. हे रान १९८५ पासून अभयारण्य आहे आणि ते प्रामुख्याने शेकरूसाठी, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या मोठ्या खारीसाठी, राखलेले आहे. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर उड्या घेत ते फिरते, त्यामुळे झाडांचे माथे एकमेकांना भिडलेले असणे हीच त्याची वाट असते. एक जुने झाड तुटले तरी ती वाट खंडित होते. इथल्या देवरायांमध्ये देवाच्या धाकाने कोणी कुऱ्हाड चालवली नाही, म्हणूनच इतके जुने वृक्ष शिल्लक राहिले. नातवाला बेचक्यात काटक्यांची गोल घरटी शोधायला लावावे. शेकरूला खाऊ मात्र घालू देऊ नये आणि प्लॅस्टिकचा प्रत्येक तुकडा परत न्यावा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना उत्तरे वाचून दाखवली. शिडी घाट सुटल्याचे त्यांना वाईट वाटले, पण भोरगिरीची वाट भीमेच्या काठाने जाते हे ऐकल्यावर ते राजी झाले. सोमवार टाळून बुधवारी निघायचे ठरले आहे.