लॅपटॉप सुचवा: कीर्तन रेकॉर्डिंग, व्हिडिओ एडिटिंग आणि फ्लेक्स डिझाइन. बजेट ८० हजार, नाशिक

पंचवटी_साउंड
नमस्कार मंडळी. काम तीन प्रकारचं आहे. सप्ताहात कीर्तनाचं लाइव्ह रेकॉर्डिंग: बुवांचा माइक, पखवाज, पेटी आणि टाळकरी, चार चॅनेल, यूएसबी इंटरफेसवरून (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये. त्याचाच व्हिडिओ, दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर, फुकटवालं. आणि मंडळांचे फ्लेक्स, लग्नपत्रिका: कोरल, फोटोशॉप. सध्याचा लॅपटॉप आय३, ८ जीबी. रेकॉर्डिंगमध्ये मधूनच टक्‌ टक्‌ येते आणि व्हिडिओ तर हलतच नाही. बजेट ८० हजार, त्यावर एक रुपया नाही. सिंहस्थाची कामं यायला लागलीत म्हणून घाई आहे. गावोगाव न्यायचा असतो, त्यामुळे कृपया डेस्कटॉप सुचवू नये.

गंगापूररोडवाला
डेस्कटॉप घे. ८० हजारात लॅपटॉपपेक्षा कितीतरी भारी मशीन बनेल.

कॉलेजरोड_एडिटर
मॅकबुक एअर, विषय संपला. एम४ वाला २०२५ मध्ये ९९,९०० ला आला होता, ऑफरमध्ये अजून खाली मिळायचा. १६ जीबी रॅम बेसमध्येच. पंखाच नाही, म्हणजे माइकमध्ये घरघर नाही. माझ्याकडे एम१ पासून आहे, आजवर फॉरमॅट मारलेला नाही.

पंचवटी_साउंड
दादा, बजेट ८० आहे.

कॉलेजरोड_एडिटर
हप्ते कर. एकदाच घ्यायची गोष्ट आहे.

कोरल_काका
मॅक घेतला तर श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टचं काय करणार? पत्रिकेच्या धंद्यात अजून सगळं त्याच फॉन्टमध्ये चालतं. गिऱ्हाईक जुनी सीडीआर (कोरलची फाइल) घेऊन येतं आणि म्हणतं, फक्त तारीख बदला. फॉन्ट नसेल तर नवरदेवाच्या नावाच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. विंडोजच घे. आणि छपाईला फाइल पाठवताना मजकूर कर्व्हमध्ये कन्व्हर्ट करत जा, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि फॉन्ट लागत नाही, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

सातपूर_डिझाइन
काका, युनिकोड (कुठल्याही मशीनवर दिसणारं मराठी) येऊन जमाना झाला. कोरलमध्ये युनिकोड मराठी व्यवस्थित टाइप होतं, जोडाक्षरंही फुटत नाहीत.

कोरल_काका
होत असेल. माझ्या गिऱ्हाइकाला सांग.

सिडको_भाऊ
बाकी काही घे पण गेमिंग लॅपटॉप घेऊ नको. माझ्याची वॉरंटी संपली आणि लगेच बिजागरी तुटली. कंपनीचं नाव घेत नाही. सर्व्हिसवाले म्हणतात, पूर्ण बॉडी बदलावी लागेल. घ्यायचाच तर ऑनसाइट (जागेवर येऊन दुरुस्तीची) वॉरंटी वाढवून घे.

मिक्सिंगवाला
थांबा जरा. चार चॅनेल रेकॉर्ड करायला आय३ पुरतो. टकटक प्रोसेसरमुळे असेलच असं नाही. बहुतेक वेळा एखादा ड्रायव्हर मध्येच सिस्टीम अडवून धरतो, वायफायचा असतो नाहीतर ग्राफिक्सचा. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालू ठेवून बघ, लाल पट्टी आली की कोण अडवतोय ते खाली लिहून येतं. एएसआयओ ड्रायव्हर (रेकॉर्डिंगसाठीचा खास ऑडिओ ड्रायव्हर) इंटरफेसच्या कंपनीचाच टाक. बफर (आवाज थोडा साठवून पुढे देण्याची जागा) ५१२ ठेव, आवाज जरा उशिरा येतो पण टकटक कमी. बुवा काही तुझ्या लॅपटॉपमधून स्वतःचा आवाज ऐकत नाहीत, मग १२८ वर ठेवून काय मिळवायचंय? पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, वायफाय आणि ब्लूटूथ बंद. मंडपातल्या बोर्डाला अर्थिंग नसेल तर चार्जरमुळे गुणगुण येते. तेव्हा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड कर आणि फरक ऐक. म्हणून बॅटरी चांगली असलेला बघ, हे कुणी बोललंच नाही.

पंचवटी_साउंड
वायफाय बंद केलं, बफर वाढवला. काल तासभर टेस्ट घेतली, एकदाही टक्‌ नाही 🙏

गंगापूररोडवाला
मग वाचले की ८० हजार. आता डेस्कटॉप घे व्हिडिओला.

फ्रेमवाला_इंदिरानगर
कॅमेरा कोणता? लॅपटॉपच्या आधी हे विचारायला पाहिजे होतं.

पंचवटी_साउंड
मित्राचा सोनी ए७ फोर, आणि दुसरा अँगल मोबाइलवर.

फ्रेमवाला_इंदिरानगर
तिथेच गोम आहे. ए७ फोर १०-बिट ४:२:२ मध्ये (रंगाची जास्त माहिती असलेलं जड फुटेज) शूट करतो. ते फुटेज एनव्हीडियाची आरटीएक्स ४०५० किंवा ४०६० ग्राफिक्स कार्डं हार्डवेअरने उघडू शकत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर जातो. ५० सिरीजपासून एनव्हीडियाने ती सोय दिली. इंटेलच्या ११व्या पिढीपासून क्विक सिंकमध्ये (प्रोसेसरमधली व्हिडिओ उघडायची सोय) एच.२६५ चं ४:२:२ चालतं, पण एच.२६४ चं बहुतेक मॉडेलांत नाही; हे दोन्ही व्हिडिओ दाबून साठवायचे प्रकार. म्हणून कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एचएस (एच.२६५) ठेवायला सांग, एस (एच.२६४) नको. आणखी एक, विंडोजवर या हार्डवेअर डिकोडिंगचा पूर्ण फायदा रिझॉल्व्हच्या विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत मिळतो, ती २९५ डॉलरची आहे, एकदाच भरायचे. फुकटवालंच ठेवायचं असेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनव. रात्री लावून झोपायचं, सकाळी जुन्या मशीनवरही टाइमलाइन पळते. नाहीतर मित्राला ८-बिट ४:२:० वर शूट करायला सांग. कीर्तनाला कुठे कलर ग्रेडिंग करायचंय?

सिडको_भाऊ
गेमिंग घेऊ नको. वर सांगितलंय बिजागरीचं.

सातपूर_डिझाइन
स्क्रीनबद्दल कुणी बोलेना म्हणून मीच लिहितो. स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' दिसलं की पुढे जायचं. म्हणजे एसआरजीबीचे (स्क्रीन आणि वेबचा नेहमीचा रंगपट्टा) जेमतेम ६०-६५ टक्के रंग. भगवा विटकरी दिसतो, तुम्ही तो उजळ करता आणि छापून आल्यावर डोळ्यांवर येतो. १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलंच घ्या. दुकानदाराला विचारू नका, त्याच्या मते सगळेच फुल एचडी.

कोरल_काका
फ्लेक्सला कसला एसआरजीबी. छपाई सीएमवायकेची (चार शाईंची), मशीन बदललं की रंग बदलतो. मी आकडे टाकतो, मॅजेंटा १०० यलो १००, लाल येतो म्हणजे येतो. स्क्रीनकडे बघून रंग लावणारे नवीन.

सातपूर_डिझाइन
आणि तोच माणूस यूट्यूबचं थंबनेल करणार आहे, काका.

अंबड_हार्डवेअर
ग्राफिक्स कार्डचं नुसतं नाव बघू नका, वॅट बघा. आरटीएक्स ४०५० हा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत येतो, नाव एकच. मेमरी ६ जीबी, रिझॉल्व्हला त्यापेक्षा कमी नको. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी टाकायला स्लॉट मोकळा आहे का ते विचारा. बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा सोल्डर केलेली (बोर्डावर पक्की जोडलेली) असते, नंतर काही करता येत नाही.

नाशिकरोडकर
खरेदी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर कर. सकाळची गाडी पकड, संध्याकाळी घरी.

अंबड_हार्डवेअर
आणि बंद पडला की परत मुंबई? एम.जी. रोडला घे, निदान दारात उभं राहून भांडता येतं. जीएसटी नंबर असेल तर धंद्याच्या नावावर बिल घे, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. म्हणजे तुझं बजेट आपोआप वाढलं.

कॉलेजरोड_एडिटर
म्हणजे मॅक बसला बजेटमध्ये. मी काय म्हणत होतो?

पंचवटी_साउंड
सर्वांचे आभार. काल घेतला. १४ इंची, एएमडी रायझन ७, ओलेड स्क्रीन, १६ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ७४ हजार, एम.जी. रोडला ओळखीच्या दुकानात, निम्मे रोख, निम्मे तीन महिन्यांत. कारण सांगतो. अ‍ॅक्टिव्हावर माइक स्टँड, इंटरफेस, केबलची बॅग आणि वर अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप त्याच्या विटेएवढ्या चार्जरसकट, हे होत नाही. हा दीड किलोच्या आत आहे. व्हिडिओ लोक मोबाइलवरच बघतात, १०८० मध्येच देणार, प्रॉक्सी करून. उरलेल्या पैशात बाहेरची एसएसडी आली.

अंबड_हार्डवेअर
रॅम सोल्डर्ड आहे का बघितलंस?

पंचवटी_साउंड
आहे.

अंबड_हार्डवेअर
मग आम्ही एवढं लिहिलं कशाला? रिझॉल्व्हला कार्ड लागतं. फ्यूजनमध्ये (रिझॉल्व्हचाच इफेक्टचा भाग) एक टायटल टाकून बघ, मग बोलू.

फ्रेमवाला_इंदिरानगर
प्रॉक्सीवर होईल काम. एक्स्पोर्टला वेळ लागेल तेवढाच. मित्राला फॉरमॅटचं सांगायला विसरू नको.

कोरल_काका
विंडोज आहे ना? मग झालं.

मिक्सिंगवाला
नवीनवरही लेटन्सीमॉन चालव, सप्ताहाच्या आधी. मंडपात नको.

गंगापूररोडवाला
घरी डेस्कटॉप ठेवला असता तर हे सगळं झालंच नसतं.

नाशिकरोडकर
मलाही मुलीसाठी घ्यायचाय, आर्किटेक्चरला अ‍ॅडमिशन झाली. बजेट ६०, रेव्हिट (इमारतींच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर) चालला पाहिजे. इथेच विचारू की नवीन धागा काढू?

कॉलेजरोड_एडिटर
मॅकबुक एअर. डोळे झाकून.

अंबड_हार्डवेअर
रेव्हिट मॅकवर येतच नाही, भाऊ. नवीन धागा काढा.