धोका वयाचा की अननुभवाचा?

वाहन चालवण्याच्या परवान्याचे किमान वय वाढवले की तरुणांचे अपघात आपोआप कमी होतील, हे मत मला अपुरे वाटते, कारण त्याने अननुभव संपत नाही, केवळ पुढे ढकलला जातो. सोबत जाणता चालक असेपर्यंत शिकाऊ व्यक्तीचे अपघात फार कमी होतात. खरी जोखीम एकट्याने गाडी चालवण्याच्या पहिल्या काही महिन्यांत असते. न्यूझीलंडने १९८७ मध्ये परवाना टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत आणली आणि मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने वाहन चालवण्यावर, तसेच सोबत प्रवासी घेण्यावर निर्बंध घातले, ते याच कारणासाठी. समवयस्क मित्र गाडीत असले की किशोरवयीन चालकाचा धोका वाढतो, हे पालकांनीही गांभीर्याने घ्यावे.

प्रशिक्षण हवेच, मात्र घसरणारी गाडी सावरण्यासारखी कौशल्ये घाईने शिकवल्यास फाजील आत्मविश्वास वाढू शकतो, म्हणून माझ्या मते देखरेखीखालच्या सरावाचे तास वाढवणे अधिक मोलाचे आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत टप्प्याटप्प्याच्या परवान्याचे असे निर्बंध अठराव्या वर्षी संपतात, त्यामुळे १९ व्या वर्षी प्रथमच परवाना घेणारा त्यांतून पूर्णपणे निसटतो. न्यू जर्सीने ते २१ वर्षांखालील सर्व नवशिक्यांना लागू केले आहेत, आणि मला तीच दिशा योग्य वाटते.