दहावीचे पेपर, शुक्रवारचा उपास आणि नोव्हेना

एका ताईंनी विचारलंय की दहावीच्या मुलीने पेपर संपेपर्यंत शुक्रवारी कडक उपास आणि रात्री नोव्हेना (सलग नऊ दिवसांची प्रार्थना) करावी का. आधी उपासाचं बघू. कॅथलिक नियमाप्रमाणे उपासाचं बंधन 18 वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं, मांसाहार टाळण्याचं 14 पासून. म्हणजे तिने मटण-चिकन सोडावं, नाश्ता मात्र मुळीच सोडू नये. 11 च्या पेपरला साडेदहाला केंद्रावर पोचायचं, उपाशीपोटी शेवटच्या तासात डोकं चालत नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया खचून झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला भाकर-पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, मग परत खायला उठवलं (1 राजे 19). आधी खाणं आणि झोप, उपदेश नंतर!

नोव्हेना जरूर करा, पण झोप मोडून नको. दिवेलागणीला सगळ्या घराने मिळून करा. बायबलमधल्या पौलाच्या पत्रातला, फिलिप्पैकरांस 4:6-7 मधला क्रम धरा: छळतंय ते नेमकं सांगायचं (‘भूमितीची प्रमेयं’), मागायचं आणि आभार मानायचे. आभार बहुतेक जण गाळतात. तिथे वचन शांतीचं आहे, गुणांचं नाही. म्हणून ‘90 टक्के मिळाले तर बाळ येशूला इतक्या मेणबत्त्या’ असा नवस तिच्या तोंडी घालू नका. एक पेपर अवघड गेला की तिला देवानेच टाकलं असं वाटतं, आणि पुढचे पेपरही बिघडतात.

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या देवळाची यात्रा फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी असते, गर्दी प्रचंड. त्यापेक्षा आधीच्या आठवड्यात एखाद्या सकाळी शांतपणे जाऊन या.