अण्णांचा लॅपटॉप माळ्यावरून खाली आला. जुन्या लॅपटॉपवर तुम्ही कोणती सिस्टीम टाकलीत?

परभणीची लेक
दिवाळीला माहेरी आले, झाडझूड चालू होती आणि माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला अण्णांचा लॅपटॉप सापडला. आयबीएमचा थिंकपॅड आर ५१, २००४ चं मॉडेल, अण्णांनी नंतर सेकंडहँड घेतला होता लग्नपत्रिकांच्या कामासाठी. कीबोर्डच्या मधला तो लाल टिपका झिजून गुळगुळीत झालाय, आणि 'के' चं अक्षर तर पार उडालंय. लग्नसराईत आमच्याकडं रात्री दोन दोन वाजेपर्यंत पेजमेकर (पत्रिकेची पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) चालायचं, मी बाजूला बसून कागदावरची नावं वाचायची, अण्णा टाइप करायचे, आणि छापायला द्यायच्या आधी सगळं उलटं वाचायचे, शेवटच्या ओळीपासून वर, म्हणजे चूक नजरेतून सुटत नाही म्हणायचे.

चार्जर लावला तर पंखा घरघरला आणि विंडोज एक्स्पी चालू झालं! अण्णा नुसता आवाज ऐकून आतून आले, "चालू झाला व्हय गं?" एवढंच म्हणले आणि शेजारी बसून राहिले.

दादा म्हणायलाय विंडोज टेनचा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, माझाच सहाव्या पिढीचा आय थ्री काढायची वेळ आली, तू हे काय घेऊन बसलीस. पण मला हा अण्णांच्या हातात परत द्यायचाय, पेपर वाचतील, काही टाइप करतील. एक्स्पीवर एक साइट धड उघडत नाही. रॅम ५१२ एमबी. जुन्या पत्रिका सगळ्या त्यातच आहेत. कुणी काय टाकलं, कसं झालं, सांगा ना.

काळी माती
ताई थांबा, फॉरमॅट मारू नका!!! आधी डिस्क काढून बाजूला ठेवा. आर ५१ ला लई सोप्पं आहे, खालून एक स्क्रू, मग ड्रॉवरसारखी बाजूनं ओढली की डिस्क हातात. माझ्या चुलत्याचं डीटीपीचं काम होतं, मी २०१५ ला त्यांच्या मशीनवर सरळ लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकलं आणि दहा वर्षांच्या पत्रिका, शाळेच्या स्मरणिका, सप्त्याची पत्रकं सगळं गेलं. चुलते काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं अजून टोचतं मला. म्हणून सांगतो, एक्स्पी आहे तशी त्या डिस्कवर राहू द्या, नेट लावू नका, आणि नवीन सिस्टीम दुसऱ्या डिस्कवर. अण्णांच्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक (जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) होतं का मागं प्रिंटरच्या पोर्टला? ते पण जपून ठेवा.

परभणीची लेक
@काळी माती हो दादा, आहे! कंपासपेटीएवढं नाही पण खोडरबरापेक्षा मोठं, अजून पोर्टलाच लावलेलं आहे. बरं झालं बोललात, मी आज रात्रीच फॉरमॅट मारणार होते.

जालन्याची मोसंबी
आर ५१ म्हणजे पेंटियम एम म्हणजे ३२ बिट, इथंच निम्म्या सिस्टीम गळाल्या. लिनक्सच्या प्रकारांत लुबुंटूची १८.०४ ही ३२ बिटवाली शेवटची मोठी आवृत्ती, डेबियन १३ हे २०२५ च्या ऑगस्टमधी आलं त्याला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, १२ ला आहे. आणि ह्या पेंटियम एमचा एक हट्ट असतोय बगा, त्याला पीएई (जास्त रॅम वापरायची सोय) येतं पण विचारलं तर येत नाही म्हणतो, मग इन्स्टॉलर पहिल्याच स्क्रीनवर अडतो. मी दोन रात्री ह्याच्यातच घातल्या, पेनड्राइव्ह बदलून पाहिला, सीडी बदलून पाहिली, शेवटी कळलं की बूट होताना जी कमांडची ओळ असते तिच्या शेवटी 'फोर्सपीएई' असं इंग्रजीत सगळं जोडून लिहायचं, की गपगुमान पुढं जातं. नाहीतर अँटीएक्स घ्या, ते पण लिनक्सच, त्याच्या ३२ बिटवाल्याला ही भानगड लागत नाही आणि ५१२ मधी पण सुरू होतं. पण ताई रॅम वाढवाच, त्याला १ जीबीच्या दोन काड्या बसतात, डीडीआर वन. मोडीत निघालेल्या लॅपटॉपमधून मिळतील.

गंजगोलाई
आमच्या गावाकडं (रेणापूर तालुका) मी डेलवर लिनक्स टाकूलालो होतो आणि बरोब्बर ६२ टक्क्यांवर लाइट गेली. बॅटरी तर कधीचीच मेलेली. परत पहिल्यापासून. परत गेली. तिसऱ्यांदा शेजारच्या काकूंच्या इन्व्हर्टरवर लावला, काकू म्हणल्या लाव बाबा पण टीव्ही बंद करू नको, मग त्यांची मालिका आणि माझं इन्स्टॉल एकदमच संपलं. ज्यांची बॅटरी गेली त्यांनी आधी लाइटचं बघा, बाकी सगळं नंतर.

औंढ्याची वाट
वायफायचं कुणी बोललंच नाही. माझ्या कॉम्पॅकला ब्रॉडकॉमचं कार्ड होतं. लिनक्स छान बसलं पण वायफाय दिसेना, शोधलं तर म्हणे फर्मवेअर (कार्ड चालवणारी फाइल) डाउनलोड करा, आणि डाउनलोड करायला नेट पाहिजे, आता नेटच तर नाही! शेवटी फोनची केबल लावली, फोनमधी यूएसबी टिदरिंग चालू केलं, एका मिनिटात नेट आलं, फर्मवेअर उतरवलं, रीस्टार्ट, वायफाय चालू. पोरगं झोपायच्या आत झालं म्हणून खूप बरं वाटलं, तो त्याच्यावर चित्रं काढतो आता. पोळ्या व्हायच्यात, नंतर लिहिते.

पैठणगेट
सगळ्यांनीच लिनक्स टाकावं असं नाही माझं मत. वडिलांचं आडत दुकान आहे, जुन्या वर्षांचा हिशोब एक्स्पीवरच्या जुन्या टॅलीत. मला एक्स्पीच परत टाकायची होती तोशिबावर, तर सीडीवरून बूट होऊन फाइली लोड झाल्या की निळा स्क्रीन, एरर नंबरच्या शेवटी 7बी. एका दुकानात नेला, तो म्हणला बोर्ड गेला, दुसरा घ्या. बोर्डाला काही झालेलं नव्हतं! बायोसमधी साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय होता, एक्स्पीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नसतो, तो मोड आयडीई की कम्पॅटिबल केला आणि पाऊण तासात एक्स्पी बसली. आज पण चालू आहे, नेटचं कार्डच काढून ठेवलंय. कामाला काय पाहिजे ते बघून सिस्टीम निवडावी, इतकंच.

हुरडा
@पैठणगेट आडत कुठली, मोंढ्यात का? सोयाबीन काय भाव चाललंय, यंदाच्या पावसानं आमचं निम्मं काळं पडलंय.

पैठणगेट
@हुरडा ओलाव्यावर आहे सगळं, वाळवून आणा, घाई करू नका. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

निवृत्त मास्तर, अंबाजोगाई
लेकी, एक गोष्ट तपास. जुना लॅपटॉप बरीच वर्षं बंद राहिला की आतला सेल संपतो आणि तारीख मागं जाते. माझ्याकडं १ जानेवारी २००० दाखवत होतं. मी नवी सिस्टीम टाकली, ब्राउझर उघडला तर एकूणएक साइट म्हणते प्रमाणपत्र वैध नाही. मला वाटलं नेट खराब, मग वाटलं सिस्टीम खराब, तिसऱ्यांदा टाकली. नातीनं उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं, आजोबा हे कोणतं साल? प्रमाणपत्राला सुरुवातीची तारीख असते, तुमचं घड्याळ त्याच्या मागं असलं तर ते चालायचंच नाही. सीआर २०३२ सेल, घड्याळवाल्याकडं मिळतो, पण लॅपटॉपात बहुधा वायर लावलेला असतो तेव्हा वायरसकट बघून घे. आणि अण्णांना नमस्कार सांग. पत्रिका उलटी वाचायची पद्धत माझ्या ओळखीच्या खिळे जुळवणाऱ्यांची होती, फार दिवसांनी आठवली.

शेंगापोळी
मी काही टाकलं नाही. बाबा गेले २०२१ मधी, त्यांचा लॅपटॉप आहे तसाच ठेवलाय, विंडोज सेव्हन. महिन्यातून एकदा चार्ज करते, डेस्कटॉपवर त्यांनी केलेलं 'शेताचा खर्च' नावाचं फोल्डर आहे, उघडते, बंद करते. तुमचं वाचून लिहावंसं वाटलं.

काळी माती
@शेंगापोळी ताई त्या फोल्डरची एक कॉपी पेनड्राइव्हवर आणि एक कुठंतरी ड्राइव्हवर नक्की ठेवा. जुनी डिस्क सांगून जात नसते.

शेंगापोळी
हो. आजच करते.

परभणीची लेक
झालं!! लिहायला उशीर झाला, भाऊबीज होती.

जुनी डिस्क काढली, तिची आधी दादाच्या मशीनवर पूर्ण इमेज (हुबेहूब कॉपी) घेतली, अडॅप्टरनं लावून, मग जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून लॉकसकट डब्यात. नव्या डिस्कसाठी ४४ पिनचा आयडीई अडॅप्टर आणि त्यात छोटी एमसाटा एसएसडी. रॅमच्या दोन काड्या दादानंच आणून दिल्या, काही न बोलता. तारीख २००३ दाखवत होती मास्तर! आधी तीच दुरुस्त केली. अँटीएक्स टाकलं, मोसंबी दादांचं ऐकून, एका दमात बसलं. मराठी कीबोर्ड इन्स्क्रिप्ट लावला तर अण्णा म्हणले हा नाही, मला टाइपरायटरचा पाहिजे, बोटांना तोच येतो. तेवढं अजून जुळवायचंय, कुणाला माहीत असेल तर सांगा.

आणि पत्रिका! लिबरऑफिसच्या ड्रॉमधी पेजमेकरची फाइल उघडते हे मला माहीतच नव्हतं. पहिल्यांदा नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचं कडबोळं दिसलं, कारण ते फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणारे. मग एक्स्पीच्या फॉन्टच्या फोल्डरमधून ते सगळे फॉन्ट इकडं आणले आणि फाइल परत उघडली. मांडणी थोडी हलली होती, गणपती जरा खाली सरकलेला, पण खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' अगदी स्वच्छ. अण्णांनी चष्मा लावला आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचायला लागले. चौथ्या ओळीवर थांबले. "ह्यात वेलांटी चुकलीय, सोळा वर्षं झाली, कुणी सांगितलं नाही."

जालन्याची मोसंबी
लई भारी ताई. डोळ्यात पाणी आलं खरंच. ती वेलांटी आता दुरुस्त करून सेव्ह करू नका, आहे तशी ठेवा.

परभणीची लेक
@जालन्याची मोसंबी उशीर झाला दादा, अण्णांनी केली पण 😊 मूळ फाइल इमेजमधी आहे.

औंढ्याची वाट
तो ४४ पिनचा अडॅप्टर परभणीत मिळाला का ऑनलाइन मागवला? हिंगोलीत दोन दुकानं फिरले, ते साटाचाच देतायत.