लांडगे गेले कुठं होते?
कुणीतरी लिहिलंय की सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडं लांडगे 'परत आले', वनखात्यानंच आणून सोडले असणार. अहो, ते गेले कुठं होते? टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, त्यांचा माळ नांगरून डाळिंबं लागली, म्हणून आता वस्तीजवळ दिसतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. पहाटे वाघरीची, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीची, एक खुंटी उपटलेली, डालग्याखालचं कोकरू गायब. गावची पोरं काठ्या घेऊन निघाली, म्हातारा धनगर मात्र खुंटी परत ठोकत म्हणाला, "लांडग्याचा वाटा गेला." (निम्म्या वेळा ही करामत मोकाट कुत्र्यांची असते, ते सोडा.) खरी बोंब वनखात्याच्या भरपाईची. पंचनामा लागतो, आणि कोकरू उचलूनच नेलं तर पंचनामा कशाचा करायचा?